नऊ एमएमच्या छोट्या बंदुका रेंजवर ताडून पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासात राहायला आल्यावर मी नेमबाजी शिकले. आता ओळखीतले कुणी ना कुणी दर महिन्याला म्हणते, "आम्हालाही एकदा रेंजवर घेऊन चल ना." गाडीत बसल्यापासून प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. कायद्याचा भाग आधी वाचा, बंदुकांचा नंतर.

आई-बाबा फिरायला आलेत, किंवा मी एच-वन-बी व्हिसावर आहे. रेंजवर बंदूक हातात घेतली तर चालते ना?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, म्हणून मी तो पहिला घेतला आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. पर्यटक व्हिसा, विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी, एल-वन आणि त्यांच्या जोडीदारांचे व्हिसा हे सगळे यात येतात. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक अर्धा तास हातात धरणे म्हणजेसुद्धा बाळगणेच. या कलमाखाली १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कायद्यात काही अपवाद आहेत. सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना. तो जवळ असेल तर ही मनाई लागू होत नाही. ग्रीन कार्डधारकांना हे कलम लागत नाही.

काही रेंजवर हे विचारतच नाहीत. ओळखपत्र बघतात, सही घेतात आणि आत सोडतात. त्यांनी विचारले नाही म्हणून आपल्याला परवानगी मिळाली असे होत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी असलेली माणसे एका रविवारच्या हौसेपायी हा धोका घेतात, ते मला बघवत नाही. शंका असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा आणि मगच या.

"छोट्या बंदुका" म्हणजे नेमक्या कोणत्या?

पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या. इथे मी फक्त नऊ एमएमबद्दल, म्हणजे जर्मनीत गेऑर्ग लूगरने १९०२ साली आणलेल्या ९ × १९ काडतुसाबद्दल बोलते आहे. इथल्या रेंजवर भाड्याने मिळणाऱ्या बंदुकांमध्ये याच काडतुसाचा भरणा जास्त असतो.

यांत तीन जाती दिसतात. पहिली साधे पिस्तूल. माझ्या तुलनेत ग्लॉक १९ असते, चार इंचांच्या नळीचे. दुसरी कार्बाईन, म्हणजे खांद्याला लावायचा दस्ता आणि सोळा इंचांहून थोडी लांब नळी : रुगर पीसी कार्बाईन, केल-टेक सब-२०००. तिसरी या दोघींच्या मधली. कागदोपत्री पिस्तूल, पण दिसायला छोट्या मशीनगनसारखी : चेक बनावटीची सीझेड स्कॉर्पिअन किंवा हेकलर अँड कॉखची एसपी-५. या सगळ्या एका दाबाला एकच गोळी झाडणाऱ्या आहेत.

म्हणजे स्टेनगनच की!

आपल्याकडे बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावर जे काही आखूड दिसेल त्याला स्टेनगन म्हणायची सवय आहे. खरी स्टेन ब्रिटनची, १९४१ची. आपण पाहिलेली बहुधा तिची पुढची पिढी, स्टर्लिंगच्या धर्तीवर कानपूरला बनलेली कार्बाईन असते. मॅगझिन डाव्या कुशीतून आडवे निघालेले. काडतूस मात्र हेच, नऊ एमएम.

काडतूस एकच, मग या बंदुकांत फरक तो काय?

माझ्या मते सगळी तुलना इथे येऊन थांबते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काडतूस उडाले की वायू दोन्हीकडे रेटतो : पुढे गोळीला आणि मागे पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याला. पुंगळीच्या पाठीशी पोलादाचा ठोकळा असतो, तो बोल्ट. गोळी बाहेर पडून नळीतला दाब उतरेपर्यंत त्याने मागे हटता कामा नये. त्याला तेवढा वेळ कसे थोपवायचे, यावर प्रत्येक कारखान्याचे उत्तर वेगळे आहे.

सगळ्यात सोपे उत्तर म्हणजे बोल्टच जड करायचा. कुठे काही अडकवायचे नाही, फक्त वजन आणि स्प्रिंग. याला ब्लोबॅक म्हणतात. स्कॉर्पिअन अशी आहे, सब-२००० अशी आहे, रुगरही अशीच आहे. फरक एवढाच की रुगरने बोल्टच्या आत टंगस्टनचे सरकते वजन ठेवले आहे. बोल्ट मागे जाऊन आदळतो त्या क्षणी ते वजन थोडे उशिरा सरकते आणि आपटण्याची धार बोथट होते.

ग्लॉक १९ सारख्या पिस्तुलात जड बोल्ट परवडत नाही, कारण मग पिस्तूल हातात धरवणार नाही. तिथे नळी आणि वरची स्लाइड, म्हणजे सरकते आवरण, सुरुवातीला एकमेकींत अडकलेल्या असतात. थोडे अंतर दोघी मिळून मागे जातात, मग नळी मागच्या बाजूने खाली झुकते आणि स्लाइड सुटते.

एसपी-५ ही एमपी-५ या पोलीस-लष्करी सबमशीनगनची नागरी बहीण. तिच्या बोल्टच्या डोक्यात दोन्ही बाजूंना छोटे रूळ आहेत, ते खाचांत रुतलेले असतात. दाबाने ते आत ढकलले जाईपर्यंत बोल्टला मागे यायला उशीर होतो. म्हणून तिचा बोल्ट हलका असूनही चालतो. सिग कंपनीच्या एमपीएक्सने आणखी वेगळा रस्ता धरला : नळीतला थोडा वायू बाजूला घेऊन दट्ट्या हलवायचा आणि फिरणारा बोल्ट उघडायचा, थेट लष्करी रायफलीसारखा.

एकदा एसपी-५ झाडून झाल्यावर खाली पडलेली पुंगळी उचलून पाहा. तिच्या अंगावर उभे काळपट पट्टे दिसतील, पिंपळपानाच्या शिरांसारखे पण सरळ. त्या बंदुकीच्या कोठीत, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, बारीक पन्हळी कोरलेल्या असतात. त्यांतून वायू पुंगळीभोवती शिरतो आणि ती कोठीला चिकटून राहत नाही. शेजारी ग्लॉकची पुंगळी ठेवली की ती गुळगुळीत दिसते. नवख्या माणसाला मी आधी या दोन पुंगळ्या दाखवते, आकडे नंतर सांगते.

झटका सगळ्यात कमी कशाला?

एमपीएक्स आणि एसपी-५ या दोन मला सर्वांत मऊ वाटतात, मग रुगर, मग स्कॉर्पिअन. सब-२००० चा दणका गालाला जाणवतो, कारण ती दोन किलोंच्याही आतली आहे आणि तिची स्प्रिंग दस्त्याच्या नळीत, थेट गालाखाली असते.

लोकांना नवल वाटते ते याचे : जड बोल्टची नऊ एमएम कार्बाईन कित्येकदा एआर-१५ या रायफलीपेक्षा जास्त हादरते. काडतूस तर कितीतरी दुबळे. पण वाऱ्याने दार धाडकन आपटावे तसा जड बोल्ट मागे जाऊन आपटतो आणि तोच धक्का खांद्याला लागतो.

नळी लांब असली की गोळी जास्त जोरात जाते का?

जाते, पण बेताने. ११५ ग्रेनची, म्हणजे साडेसात ग्रॅमच्या आसपासची गोळी चार इंची नळीतून साधारण सेकंदाला ३५० मीटरने निघते. सोळा इंचीतून ४०० च्या आसपास. ऊर्जेत मोजले तर अंदाजे ४५० ज्यूलवरून ६०० कडे. एआर-१५ ची गोळी १७०० ज्यूलच्या घरात असते, म्हणजे कार्बाईन झाली तरी ती पिस्तुलाचीच गोळी राहते. १४७ ग्रेनच्या जड गोळीला लांब नळीचा फायदा आणखी कमी मिळतो. ती आवाजाच्या वेगाच्या आत राहते, त्यामुळे हवेत जाणारा तो तीक्ष्ण फटकारा ऐकू येत नाही.

लांब नळीचा खरा फायदा वेगळाच आहे. बंदूक खांद्याला टेकते, गाल दस्त्याला टेकतो, दोन हात दोन ठिकाणी असतात. शरीराशी चार ठिकाणी जोडलेली वस्तू दोन पंजांत धरलेल्या वस्तूपेक्षा कमी हलते, एवढीच गोष्ट आहे. माझा २५ यार्डांवरचा पिस्तुलाचा गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, पसरलेल्या तळहाताएवढा येतो, कार्बाईनचा लिंबाएवढा.

तुलना नीट कशी करायची? मी तीन भाड्याने घेतल्या, मजा आली, पण कळले काहीच नाही.

कारण एका वेळी चार गोष्टी बदलल्या. एकीवर लाल ठिपक्याची दुर्बीण, दुसरीवर लोखंडी माशी. एकीत ११५ ग्रेन, दुसरीत १२४. पहिली ताज्या हाताने, तिसरी थकलेल्या हाताने. अशाने बंदुकीची नाही, आपल्या दमाची परीक्षा होते.

माझी पद्धत सांगते. सगळ्या बंदुकांना एकाच कंपनीची, एकाच वजनाची गोळी. मी १२४ ग्रेन घेते आणि खोक्यावरचा लॉट क्रमांकही जुळवते. अंतर एकच, लक्ष्याचा कागद एकसारखा. आधी टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, बसून, हळूहळू, प्रत्येकीने दहा-दहा. पाच गोळ्यांच्या गटावर मी आता विश्वास ठेवत नाही. पाच गोळ्यांत नशीब फार असते. तीच बंदूक, तोच हात, तरी एक गट रुपयाच्या नाण्यात बसतो आणि पुढचा दुप्पट पसरतो. गट मोजताना सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी धरायची. "ती एक चुकून गेली" म्हणून सोडून द्यायची नाही. चुकून गेलेलीही आपणच झाडलेली असते.

मग उभे राहून दहा यार्डांवर. इथे क्रम महत्त्वाचा. आधी अ, मग ब, मग पुन्हा ब, शेवटी अ. असे उलटसुलट केले की थकव्याचा भार दोघींवर सारखा पडतो. बहुतेक लोक हे करत नाहीत आणि जी शेवटी हातात आली तिला वाईट ठरवून घरी जातात.

एक साधी वही ठेवा. तारीख, बंदूक, गोळी, गट, अडकली का, अडकली तर कशी : पुंगळी बाहेरच आली नाही की नवी गोळी वर चढली नाही. भाड्याच्या बंदुका हजारो गोळ्या झाडलेल्या आणि अनेकदा न पुसलेल्या असतात, त्यामुळे एखादी अडकली म्हणून सगळ्या जातीला नाव ठेवू नका. मॅगझिन बदलून पाहा. बिघाड बऱ्याचदा तिथेच सापडतो. याच बाबतीत रुगरचे मला फार आवडते : तिची खोबण बदलली की ग्लॉकचे मॅगझिन तिच्यात बसते. पिस्तूल आणि कार्बाईन दोघींना एकच मॅगझिन दिले की तुलनेतला आणखी एक गोंधळ कमी होतो.

आणि वहीत एक रकाना "धरायला कशी" याचा असू द्या. दस्ता लांब पडला का, बोट चापापर्यंत नीट पोचले का, मान वाकडी करावी लागली का. माझ्या पाच फूट एक इंच उंचीला बाजारातले निम्मे दस्ते लांब होतात. ज्या बंदुकीने कागदावर सर्वांत लहान गट दिला ती मी घेतली नाही. जिला धरून एक तास मान दुखली नाही ती घेतली.

जवळच्या लक्ष्यावर गोळी खाली का लागते?

दुर्बीण नळीच्या अडीच इंच वर बसलेली असते. २५ यार्डांवर नेमका नेम बसेल अशी दुर्बीण जुळवलेली कार्बाईन सात यार्डांवर जवळजवळ साडेचार सेंटिमीटर खाली मारते. बंदूक बिघडलेली नसते. जवळ असताना तेवढे वर धरायचे. पिस्तुलावर माशी नळीला चिकटून असते, म्हणून तिथे हे फारसे जाणवत नाही.

माझ्याकडून पिस्तुलाची स्लाइड मागे ओढलीच जात नाही.

चिमटीत धरून ओढू नका. डाव्या हाताचा पंजा स्लाइडवर वरून ठेवा, मूठ आवळा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. उखळातला जड बत्ता आपण नुसत्या बोटांनी उचलत नाही, तसेच हे. नळीचे तोंड मात्र सगळा वेळ समोर, लक्ष्याकडेच. ओढताना ते डावीकडे वळते आणि शेजारच्या लेनकडे जाते, ही नवख्यांची हमखास चूक. तरी जमले नाही तर वाईट वाटून घेऊ नका, कार्बाईनपासून सुरुवात करा. तिथे ओढायला खुंटी असते.

उजव्या हाताची आहे, पण डावा डोळा जोरकस आहे. काय करू?

पिस्तूल असेल तर काहीच नको, ते किंचित डाव्या डोळ्यासमोर आणा. कार्बाईनला मात्र डाव्या खांद्यावर शिकणेच बरे. आठवडाभर अवघडल्यासारखे वाटते, मग विसरायला होते.

कपडे काय घालू? कानांना काय?

गळाबंद टी-शर्ट, पुढून बंद बूट, डोळ्यांना चष्मा, डोक्यावर टोपी. रुंद गळ्याचा कुर्ता आणि ओढणी नको म्हणजे नकोच. ओळखीतल्या एक ताई हौसेने नवा कुर्ता घालून आल्या होत्या. तिसऱ्या गोळीची पुंगळी भिंतीवर आपटून थेट त्यांच्या गळ्यात. पुंगळी चांगलीच पोळते. त्या ओरडत मागे वळल्या, हातात भरलेले पिस्तूल, बोट चापावर. मी त्यांचे मनगट धरून लक्ष्याकडे दाबून ठेवले आणि सुरक्षा अधिकाऱ्याने पिस्तूल काढून घेतले. सगळे मिळून दोन सेकंद असतील. माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून आत जाण्याआधी मी प्रत्येकाकडून एक वाक्य म्हणवून घेते : "पोळले तरी आधी बंदूक समोर टेबलावर ठेवीन, मग झटकीन."

कानांना आतून बोळे आणि वरून मफ, दोन्ही. नऊ एमएमचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि क्षणिक आवाजाने कान दुखावण्याची मर्यादा १४० धरतात. बंद रेंजवर तो भिंतींवरून परत येतो. आखूड नळीची बंदूक आणखी कडक वाजते, म्हणून शेजारी कुणी स्कॉर्पिअन झाडत असेल तर लेन बदलून मागा.

नेहमीचा धडाका न होता नुसतेच "फुस्स" झाले तर?

थांबा. चाप पुन्हा दाबू नका. काडतुसात दारू कमी पडली असेल तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. नळी समोर ठेवून हात वर करा आणि अधिकाऱ्याला बोलवा. हे झटपट झाडण्याच्या नादात निसटते.

एसपी-५ साठी आणखी एक : शेवटची गोळी गेली तरी तिचा बोल्ट मागे थांबत नाही, ग्लॉकची स्लाइड थांबते. बंद दिसली म्हणून भरलेली आणि चाप दाबून काही झाले नाही म्हणून रिकामी, असे दोन्ही मानू नका. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, कोठीत बोट घालून खात्री करा.

शिशाची भीती खरी आहे का?

खरी आहे. गोळीत शिसे असते आणि बहुतेक काडतुसांच्या पेटवणीतही असते. त्याची धूळ हातावर, कपड्यांवर, केसांवर बसते. बाहेर पडताना हात-तोंड साबणाने आणि गार पाण्याने धुवायचे, त्याआधी पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावायची नाही. कपडे वेगळे धुवा. गरोदर बायकांनी येऊ नये, आणि घरी रांगते मूल असेल तर बूट दाराबाहेर.

नळी सोळा इंचांचीच का?

१९३४ च्या कायद्यामुळे. खांद्याला लावायच्या रायफलीची नळी सोळा इंचांपेक्षा आखूड असेल तर तिची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, पण नोंदणी सुटलेली नाही. आठ इंची स्कॉर्पिअन "पिस्तूल" म्हणून विकली जाते ती याच कारणाने. तिला आपल्या मनाने दस्ता जोडणे हा गुन्हा आहे. राज्यांचे नियम आणखी निराळे. न्यू जर्सीतल्या भावाने टेक्सासातल्या बहिणीवरून अंदाज बांधू नये.

एकटीच गेले तर भाड्याने बंदूक देत नाहीत, असे का?

अनेक रेंजवर तसा नियम आहे. एकट्या माणसाने भाड्याच्या बंदुकीने स्वतःला संपवल्याच्या घटना झाल्या आहेत. हा नियम मला पटतो. कुणाला तरी सोबत घ्या, आणि ज्याचे मन सध्या ठिकाणावर नाही अशा माणसाला "चल, मन रमेल" म्हणून इथे आणू नका.

भारतात गेल्यावर हे करता येईल?

नऊ एमएम भारतात सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात, मोडते, त्यामुळे ही तुलना तिथे होणार नाही. पण खेळ म्हणून नेमबाजी शिकायची असेल तर महाराष्ट्रासारखी जागा नाही. पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले ते .२२ च्या पिस्तुलाने. जवळजवळ झटका नसलेल्या त्या पिस्तुलावर चापाची शिस्त जितकी शिकता येते तितकी नऊ एमएमवर येत नाही. माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पन्नास गोळ्या मी .२२ च्याच देते.

पुण्यात विकसित झालेली नऊ एमएम ऐकली होती, ती कोणती?

अस्मी. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था यांनी मिळून केलेले मशीन पिस्तूल. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झाले, आणि २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर विभागाने ५५० घेतली. वजन दोन किलोंच्या आत. ते सैन्यासाठी आहे, कुठल्या रेंजवर भाड्याने मिळणार नाही. या सगळ्या बंदुकांच्या शेजारी ठेवून ते एकदा ताडून पाहावे, असे मला फार वाटते.

एक पुंगळी आठवण म्हणून मुंबईला नेऊ?

नको. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भागही दारूगोळ्यातच धरले आहेत. विमानतळावर बॅगेत एखादे विसरलेले काडतूस सापडले की पोलीस येतात, गुन्हा नोंदतो, विमान जाते आणि पुढे कोर्टात "मला माहीतच नव्हते" हे सिद्ध करत बसावे लागते. रेंजवर नेलेली पाठपिशवी प्रवासाला वापरूच नका. रेंजसाठी वेगळी, भडक रंगाची पिशवी ठेवा. माझी केशरी आहे आणि ती गाडीच्या डिकीतून घरात येत नाही. तरीही भारतात निघायच्या आदल्या रात्री मी सगळ्या बॅगा पलंगावर उलट्या करते, आतल्या चोरकप्प्यांसकट. एकदा जॅकेटच्या खिशातून एक पुंगळी टणकन फरशीवर पडली होती. उभे पट्टे असलेली.